'डिझाइनच तसं आहे सर' म्हणायच्या आधी: चिडलेल्या कस्टमरला प्रॉडक्टमधली तडजोड समजवायची कशी

हे लिहितोय ते नवीन लागलेल्यांसाठी. कुणी कस्टमर केअरला आहे, कुणी सर्व्हिस कोऑर्डिनेटर, कुणी प्रॉडक्ट टीममध्ये ज्युनिअर, आणि कुणाचा स्वतःचाच छोटा ब्रँड आहे नि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर कस्टमरच्या व्हॉइस नोट येतायत. मी घरगुती उपकरणांच्या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे, आधी सर्व्हिसला होतो, आता प्रॉडक्टला, त्यामुळे उदाहरणं जास्त करून पंखे-मिक्सरची येतील, पण मोबाइल, गाडी, फर्निचर, काहीही विकत असाल तरी मामला तोच.

बंद पडलेली वस्तू तशी सोपी असते. माणूस पाठवा, पार्ट बदला, विषय संपला. खरा डोक्याला ताप तो कॉल, ज्यात वस्तू अगदी ठणठणीत आहे, बनवली तशीच चालतेय, आणि कस्टमरला नेमकं तेच खटकतंय. मिक्सर फार आवाज करतो. फोनला हेडफोनचं भोक नाही. सीएनजी गाडीच्या डिकीत बॅग मावत नाही. यातलं काहीच 'रिपेअर' होत नाही, कारण बिघडलेलं काही नाही. कुणीतरी कधीतरी टेबलवर बसून ठरवलं की हे सोडू आणि ते घेऊ, आणि त्या ठरवण्याचा जबाब आता तुम्हाला द्यायचाय, पगार त्याच्या निम्मा असूनही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कस्टमर तडजोडीवर तेवढा चिडत नाही जेवढा तो 'हे तुमच्याच फायद्याचं आहे' या वाक्यावर चिडतो. त्याचं जे नुकसान झालंय ते आधी तुमच्या तोंडून निघालं पाहिजे, कारण वगैरे नंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: ही तडजोड आहे की दोष, ते आधी ठरवा

स्वतःला एक प्रश्न विचारा: डिझाइन करणाऱ्याला हे आधीपासून माहीत होतं का? माहीत होतं आणि विचार करून स्वीकारलं, तर तडजोड. माहीतच नव्हतं, तर तो दोष, त्याला तडजोडीचे कपडे घालू नका. आणि माहीत होतं पण कुणाला शॉक बसू शकतो, भाजू शकतं, तर फोन तिथेच सिनियरकडे द्या, समजवायला बसू नका.

हे कायद्याच्या अंगानेही महत्त्वाचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू व्हायला लागला, त्यात उत्पादनाच्या दोषाबद्दल नुकसानभरपाई मागता येते आणि त्यात डिझाइनमधला दोष स्पष्टपणे धरलाय. म्हणजे गीझरच्या नळाला झिणझिण्या येतायत अशी तक्रार असताना तुम्ही चॅटवर 'मॅडम डिझाइनच तसं आहे' लिहिलंत, तर समोरच्याच्या वकिलाला आयता कागद दिलात. कस्टमरला १९१५ हा नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनचा नंबर आजकाल पाठ असतो, आणि असायलाच पाहिजे.

पायरी २: डिझाइनवाल्याला गाठा आणि खरं कारण काढून घ्या

ट्रेनिंगच्या पीपीटीमध्ये असतं ते कारण वेगळं आणि डिझाइनवाला कॅन्टीनमध्ये चहा पिताना सांगतो ते वेगळं. तुम्हाला दुसरं पाहिजे. त्याला तीन गोष्टी विचारा: दुसरा कुठला पर्याय होता, तो का सोडला, आणि आपण जे निवडलं त्यात कुणाचं नुकसान होणार हे तेव्हा कुणी बोललं होतं का. तिसऱ्या प्रश्नावर बरेचदा माणूस गप्प होतो किंवा हसतो, आणि तिथेच तुम्हाला कळतं की कॉल कुठल्या लोकांचे येणार आहेत.

मिक्सरचंच घ्या, कारण यावरून येणारी बोलणी मी भरपूर ऐकलीयत. 'एवढे पैसे मोजले आणि पुरणाची डाळ वाटताना मध्येच बंद पडला!' बंद पडला म्हणजे जळला नाही, खालचं लाल बटण बाहेर आलं. ओव्हरलोड ट्रिप, म्हणजे जोर जास्त पडला की मोटर जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद होतं. आता हे का होतं? घरगुती मिक्सरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते, कार्बन ब्रशवाली. रिकामी फिरली तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते, आकाराने लहान, वजनाला हलकी, त्यामानाने ताकद प्रचंड. पण तीच मोटर आवाज करते, लवकर तापते, आणि म्हणून बहुतेक मॅन्युअलमध्ये पाच मिनिटं चालवा, दोन-पाच मिनिटं थांबवा असं लिहिलेलं असतं, जे कुणीही वाचत नाही. आवाज नको, तापायला नको, तर इंडक्शन मोटर आहे की, इडली-डोशाच्या वेट ग्राइंडरमध्ये तीच असते, तासभर शांतपणे फिरते. पण ती जड, आणि वेगाने एवढी हळू की तिच्यावर सुकं खोबरं, गरम मसाला, शेंगदाण्याची चटणी बारीक होणार नाही. म्हणजे आपण घेतलं काय, तर एकाच भांड्यात चटणीपासून मसाल्यापर्यंत सगळं, आणि ओट्यावरून सहज उचलता येईल असं मशीन. सोडलं काय, तर शांतता आणि सलग चालणं. आणि नुकसान कुणाचं, तर सणासुदीला दहा-बारा माणसांचं पुरण वाटणाऱ्या बाईचं.

एवढं माहीत असेल तर तुम्ही फोनवर दुसरंच माणूस असता. 'मॅडम ओव्हरलोड झालं असेल, कमी भरा' हे सांगणारा वेगळा आणि 'पुरण घट्ट असतं, त्याला मोटरला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि या मोटरला मध्ये थांबायला लागतं ही तिची कमी आहेच' असं सांगणारा वेगळा. (पहिल्या एक-दोन वापरांत येणारा जळका वास हाही याच जातीचा कॉल, मोटरच्या वायंडिंगवरचं वॉर्निश तापतं म्हणून येतो, दोन-चार वापरांत जातो. नाही गेला तर मात्र पायरी १ वर परत जा.)

पायरी ३: ऐका

यावर लिहिण्यासारखं फार नाही. त्याला पूर्ण बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका, आणि मग त्याचंच म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगा. तो 'भोक' म्हणाला तर तुम्ही 'ऑडिओ पोर्ट' म्हणायचं नाही. 'काका' किंवा 'मावशी' असं आपणहून म्हणायला जाऊ नका, काहींना आवडतं आणि काहींचा पारा अजून चढतो. सर, मॅडम, ताई यात काम भागतं. समोरचा मराठीत बोलतोय तर स्क्रिप्ट हिंदीत आहे म्हणून हिंदीत जाऊ नका राव, निम्मा राग तिथेच वाढतो.

पायरी ४: नुकसान आधी तुम्ही बोला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबू.

बीएलडीसी पंखे (ब्रशलेस मोटरचे, कमी वीज खाणारे) आले तेव्हापासूनचा हा ठरलेला कॉल आहे. साधा पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास, बिल कमी येतं, लोक खूश होऊन घेतात. घरी फिटिंग होतं, आणि मग भिंतीवरचा रेग्युलेटर फिरवला तरी पंखा काही हळू होत नाही, नाहीतर विचित्र वागायला लागतो. सगळं रिमोटवर. आणि रिमोट नातवाने सोफ्याच्या फटीत घातलेला असतो.

चुकीचा कॉल असा जातो:

'अहो, बटण फिरवलं की पंखा कमी झाला पाहिजे, एवढं साधं जमत नाही तुम्हाला?'
'सर, हा स्मार्ट फॅन आहे, यात तुम्हाला रिमोटची सुविधा दिलेली आहे.'
'मला नकोय सुविधा! मला बटण पाहिजे!'
'सर, रिमोटमुळे तुम्हाला बेडवरून उठावं लागणार नाही.'

यात खोटं काही नाही, पण त्या माणसाने जे गमावलंय, म्हणजे पन्नास वर्षांची भिंतीवर हात जायची सवय, तेच तुम्ही त्याला बक्षीस म्हणून परत विकताय. आता हाच कॉल दुसऱ्या पद्धतीने:

'सर, म्हणजे भिंतीवरच्या बटणाने स्पीड कमी-जास्त करायची सोय या पंख्यात गेली, आणि रिमोट सापडला नाही तर पंचाईत. बरोबर आहे तुमचं, ही यातली कमीच आहे.'
'...मग केलं कशाला असं?'

बघा, 'मग केलं कशाला' हा प्रश्न आला की कॉल तुमच्या बाजूला वळला. आता तो कारण मागतोय, आधी तुम्ही त्याच्या माथी मारत होता. आता सांगा: जुना रेग्युलेटर पंख्याला जाणारी वीज कमी-जास्त करायचा, त्यावर स्पीड ठरायचा. या पंख्यात आत एक छोटं सर्किट आहे, बाहेरून वीज कमी आली काय नि जास्त आली काय, ते मोटरला हवी तेवढीच देतं, म्हणूनच व्होल्टेज पडलं तरी पंखा मंदावत नाही आणि म्हणूनच रेग्युलेटरचं ते ऐकत नाही. वीज वाचते ती आतल्या चुंबकवाल्या मोटरमुळे, आणि ती मोटर त्या सर्किटशिवाय चालतच नाही. मग लगेच उपाय: जुना रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून काढून टाका किंवा बायपास करा, रिमोटला भिंतीवर स्टँड लावा, काही मॉडेलमध्ये साधा स्विच पटकन बंद-चालू केला की स्पीड बदलतो, तुमच्या मॉडेलमध्ये आहे का ते मी आत्ता बघतो.

क्रम लक्षात ठेवा: नुकसान, मग तो विचारेल तेव्हा कारण, मग उपाय. हा क्रम उलटा केला, कारण आधी सांगितलं, तर तेच खरं कारणही बहाण्यासारखं ऐकू येतं.

पायरी ५: कारण एकच द्या आणि खरं द्या

चार कारणं दिली की एकही पटत नाही. आणि त्यातल्या त्यात सगळ्यात उदात्त कारण पुढे करायचा मोह आवरा. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोन जॅक काढला तेव्हा स्टेजवर त्यांचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर यांनी त्यामागे 'धैर्य' आहे असं सांगितलं, आणि जगभर त्या एका शब्दाची टिंगल झाली. जागा लागते, आत बाकीचं बसवायचं होतं, ही कारणं होतीच की, तीही सांगितलेली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते धैर्यच. २०२० मध्ये आयफोन १२ च्या डब्यातून चार्जर गायब झाला, कारण दिलं पर्यावरणाचं. डबा छोटा होतो, एका फेरीत जास्त फोन जातात, सगळं खरं, पण कंपनीचाही पैसा वाचतो हे लोकांना दिसत होतं आणि त्याबद्दल कुणी अक्षर काढत नव्हतं. ब्राझीलमध्ये तर त्यावरून दंड झाला. पर्यावरण खरं असेल तर जरूर सांगा, पण त्यात तुमचा फायदा किती हे लपवलंत तर खरं कारणही खोटं पडतं.

फेअरफोनचं उदाहरण मला जास्त बोचतं. वस्तू दुरुस्त करा, टिकवा, असं सांगणारी डच कंपनी, आणि २०२१ मध्ये फेअरफोन ४ मधून त्यांनीही जॅक काढला, कारण दिलं पाणी-धुळीपासून बचाव आणि जाडी. आणि त्याच वेळी स्वतःचे वायरलेस इअरबड बाजारात आणले. आता यात कारण कितीही खरं असू दे, कस्टमर दोन टोकं जोडणारच ना. तुमच्या प्रॉडक्टमध्ये अशी जोडी असेल, म्हणजे काढून टाकलेली गोष्ट तुम्ही वेगळी विकताय, तर ते कस्टमरच्या आधी तुम्हीच बोलून टाका.

बरं, कारण पैसा असेल तर? तर पैसा म्हणा. नवीन मुलांना याची फार भीती वाटते, 'किंमत कमी ठेवायला काढलं' म्हटलं तर ब्रँड हलका होईल असं वाटतं. उलट आहे. आपल्याकडे माणूस भाजी घेतानासुद्धा हिशोब करतो, 'हे दिलं असतं तर किंमत वाढली असती, म्हणून नाही दिलं' हे त्याला चटकन समजतं. नॅनोचं मात्र वेगळं झालं. २००८ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती आली तेव्हा तिच्यात एकच वायपर, चाकाला तीनच नट, आणि डिकीचं दार उघडायचंच नाही, सामान ठेवायचं तर मागची सीट पाडून आतून. इंजिनिअरिंग म्हणून यातलं बरंच काही हुशारीचं होतं. पण सगळीकडे एकच ओळख झाली, सगळ्यात स्वस्त गाडी, आणि मग प्रत्येक सोडलेली गोष्ट 'स्वस्त आहे म्हणून' याच खात्यात गेली. गाडीला स्वस्त म्हणून खपवणं दुर्दैवी होतं असं पुढे रतन टाटांनीही बोलून दाखवलं. उघडणारं डिकीचं दार २०१५ च्या जेनएक्स नॅनोत आलं, पण तोवर लोकांचं मत बनून गेलेलं. म्हणजे किंमत हे कारण सांगा, पण वस्तूची ओळख म्हणून नको. 'यातलं अमुक वाचवलं आणि ते पैसे इथे घातले' असं दुसरं टोक पाहिजेच. दुसरं टोक नसेल, पैसे कुठेच घातले नसतील, नुसतेच वाचवले असतील, तर मग समजवायला तुमच्याकडे काही नाही, सरळ सॉरी म्हणा.

पायरी ६: कुठे त्रास होईल आणि कुठे नाही, ते नेमकं सांगा

चिडलेल्या माणसाच्या मनात नुकसान वाढत जातं. एक गोष्ट अशी निघाली म्हणजे अजून काय काय असेल, हा विचार सुरू होतो. त्याला कुंपण घालायचं काम तुमचं.

याचा मला आवडणारा नमुना रास्पबेरी पायचा, म्हणजे हाताच्या पंजात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचा पाय २ आला, आणि थोड्याच दिवसात कुणाच्यातरी लक्षात आलं की बोर्डचा फ्लॅश मारून फोटो काढला की तो चक्क बंद पडतो. ऐकायला चेष्टा वाटते. झालेलं असं की बोर्डवरची वीज सांभाळणारी एक चिप अगदी छोट्या पॅकेजमध्ये होती, जागा वाचवणाऱ्या, ज्यात सिलिकॉन जवळजवळ उघडंच असतं, आणि झेनॉन फ्लॅशचा जोरदार झोत पडला की ती गडबडायची. कंपनीने काय केलं? कुठली चिप ते बोटाने दाखवलं, का होतं ते सांगितलं, कशाने होतं ते सांगितलं (झेनॉन फ्लॅश, लेझर पॉइंटर) आणि कशाने होत नाही तेही सांगितलं (साधा उजेड, फोनचा एलईडी फ्लॅश). उपाय काय, तर त्या चिपवर ब्लू टॅकसारखा चिकट गोळा लावा. आणि हे सगळं जरा हसतखेळत. आता हे तडजोडीपेक्षा दोषाकडे झुकणारं प्रकरण होतं हे मान्य, पण सांगायची पद्धत बघा. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की आपल्याला याचा त्रास होणार की नाही.

तुमच्याकडेही हेच करा. 'कधीकधी प्रॉब्लेम येऊ शकतो' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. 'अर्ध्या भांड्यापेक्षा जास्त घट्ट वाटण असेल तर ट्रिप होईल, ओली चटणी मध्ये थांबत केलीत तर नाही' हे कामाचं.

पायरी ७: हातात काहीतरी द्या, आणि काय देता येतं ते आधीच विचारून ठेवा

नुसत्या समजावण्याने पोट भरत नाही. शिफ्टच्या पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारा, माझ्या पातळीवर मी काय देऊ शकतो? जादा रिमोट? फिटिंगची फुकट व्हिजिट? मॉडेल बदलून? रिफंड कुठपर्यंत? हे माहीत नसेल तर तुम्ही फक्त गोड बोलणारा माणूस उरता.

आयफोन ४ चा अँटेनाचा गोंधळ याच पायरीवर मिटला. जून २०१० मध्ये फोन आला, कडेची स्टीलची पट्टी म्हणजेच अँटेना, दिसायला सुंदर, पण खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या फटीवर हात पडला की सिग्नल पडायचा. स्टीव्ह जॉब्ज यांनी एका ग्राहकाला मेलवर सांगितलं की तसा धरू नका. पुढे कंपनीचं पत्र आलं की सिग्नलच्या काड्या दाखवायचं गणितच चुकीचं होतं. त्यानेही राग गेला नाही. शेवटी १६ जुलैला पत्रकार परिषद, आम्ही परफेक्ट नाही अशी कबुली, आणि सगळ्यांना फुकट बंपर कव्हर. ते कव्हर म्हणजे रबराची कड, फार काही नाही, पण फटीवर हात टेकत नाही म्हणजे काम होतं. तीन आठवडे जे शब्दांनी झालं नाही ते रबराच्या कडेने केलं. (यावरून अमेरिकेत झालेला खटलाही दोन वर्षांनी समझोत्याने मिटला, कव्हर नाहीतर १५ डॉलर.)

आणि समजवायला उशीर करण्याची किंमत बघायची असेल तर याच कंपनीचं २०१७ चं बॅटरी प्रकरण बघा. जुन्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअरने फोनचा वेग उतरवायचा, ही तडजोड मला तरी समजण्यासारखी वाटते. बंद पडण्यापेक्षा हळू चाललेला बरा. पण कुणाला धड सांगितलंच नाही. डिसेंबरमध्ये बाहेरच्या माणसाने आकडे मांडून उघडं पाडलं, आणि लोकांनी अर्थ काढला की नवा फोन घ्यायला लावायचा डाव आहे. मग माफीचं पत्र, ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला, सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आणि वेग उतरवणं बंद करायचं बटण, आणि तरी २०२० मध्ये अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची सेटलमेंट. ते बटण पहिल्या दिवशी दिलं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं असं माझं मत आहे.

पायरी ८: ही वाक्यं तोंडातून काढू नका

'बाकी कुणाची तक्रार नाही सर.' एकतर ते खरं नसतं, आणि खरं असलं तरी त्याला एकटं पाडून काय मिळणार.

'सगळ्याच कंपन्यांचं असंच असतं.' जॉब्ज यांनीही त्या पत्रकार परिषदेत दुसऱ्या कंपन्यांचे फोन धरून सिग्नल पडताना दाखवले, त्या कंपन्या उलट अंगावर आल्या आणि विषय अजून दोन दिवस पेपरात राहिला.

'पुढच्या मॉडेलमध्ये येईल.' हे तर अजिबातच नाही. एकतर तुम्हाला माहीत नसतं, आणि आलंच तर आत्ताच्या कस्टमरला वाटतं आपल्याला जुनं गळ्यात मारलं.

'मॅन्युअलमध्ये लिहिलंय.' हो, पान सतरावर, मुंगीच्या अक्षरात.

पायरी ९: लेखी उत्तर

मेल असो की व्हॉट्सॲप, पाच-सहा ओळींच्या वर जाऊ नका, आणि कॉलसेंटरची ती 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' वाली भाषा सोडा, ती वाचून कुणालाच आपली दिलगिरी खरी वाटलेली नाही. साधारण असं:

'नमस्कार ताई, तुमचा मेसेज वाचला. मिक्सर सलग चालत नाही, मध्ये थांबवावा लागतो, आणि पुरणासारख्या घट्ट वाटणाला ते त्रासाचं आहे हे बरोबर आहे. ही मोटर हलकी आणि जोरदार आहे पण पटकन तापते, ही तिची कमी आहे, आणि तापली की जळू नये म्हणून आतलं बटण तिला बंद करतं. मशीन खराब नाही. थोडं थोडं वाटा, मध्ये चार-पाच मिनिटं द्या, ट्रिप झालं तर खालचं लाल बटण दाबा. तुमच्याकडे दर आठवड्याला एवढं वाटण होत असेल तर खरं सांगतो, हे मॉडेल तुमच्यासाठी योग्य नाही. परत करायचं असेल तर या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत घेतो, या नंबरवर नुसतं 'परत' लिहा.'

शेवटची दोन वाक्यं वाचून सेल्सवाले ओरडतील. ओरडू द्या. परत करायची वाट दाखवली की बरीच माणसं वस्तू ठेवूनच घेतात, कारण भांडायची गरज उरत नाही. सोशल मीडियावर उघड उत्तर देताना मात्र तेवढं सगळं लिहू नका, नुकसान मान्य करणारी एक ओळ आणि उपायाची एक ओळ तिथे टाका, बाकीचं इनबॉक्समध्ये. ती एक ओळ तक्रार करणाऱ्यापेक्षा बाकीचे शंभर जण वाचत असतात.

पायरी १०: सांगायचं काम विकायच्या आधी व्हायला पाहिजे, ते वर पोचवा

आपल्याकडे वस्तू समजावून सांगणारा माणूस कंपनीचा नसतोच. दुकानदार असतो आणि फिटिंगला येणारा असतो. पंखा लावणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दोनच वाक्यं दिली, 'सर, या पंख्याला हा रेग्युलेटर चालत नाही, काढून टाकतो, आणि रिमोट इथे भिंतीला अडकवतो', तर तो सगळा कॉल जन्मालाच येत नाही. सीएनजी गाडीचंही तेच. शोरूममध्ये मायलेजवर अर्धा तास बोलतात आणि डिकी कुणी उघडून दाखवत नाही, मग गणपतीला कोकणात निघताना बॅगा आणि मखर हातात घेऊन माणूस डिकीसमोर उभा राहतो नि तिथून शोरूमला फोन लावतो. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी तीस-तीस लिटरचे दोन छोटे डिकीच्या फळीखाली टाकले, ते याच नाराजीचं उत्तर. पण त्या आधीच्या गाड्या विकताना डिकी आधी उघडून दाखवायला कुणी अडवलं नव्हतं.

तुमच्या हातात यातलं एक काम नक्की आहे. कॉल बंद करताना सिस्टिममध्ये कारण टाकावं लागतं. अशा कॉलला सर्रास 'नो फॉल्ट फाउंड' किंवा 'कस्टमर एज्युकेटेड' टाकून क्लोज करतात, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते सगळे 'काही प्रॉब्लेम नाही' या गठ्ठ्यात जातात, डिझाइनवाल्याला वाटतं सगळं आलबेल. सुपरवायझरच्या मागे लागून 'डिझाइनबद्दल नाराजी' असा वेगळा कोड करून घ्या, त्याखाली कस्टमरचं एक वाक्य जसंच्या तसं टाइप करा, सुधारून नाही, आणि पायरी २ मध्ये ज्याला कॅन्टीनमध्ये गाठलं होतं त्याला तो एक्सेल दर महिन्याला परस्पर मेल करा. सुरुवातीला तो उघडणार नाही. पुढचं मॉडेल फायनल व्हायच्या आठवड्यात मात्र तोच तुमच्याकडे मागायला येतो.